फुटपाथ आधी, रोबो नंतर

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहरात एक नवी सेवा सुरू झाली. महिन्याला सुमारे आठ पौंड भरायचे, ऑनलाइन खरेदी करताना घराऐवजी स्टारशिप टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या केंद्राचा पत्ता द्यायचा आणि पार्सल तिथे पोहोचले की आपल्या सोयीची वेळ मोबाइलवरून कळवायची. त्या वेळी गुडघ्याएवढा उंच, सहा चाकांचा पांढरा रोबो केंद्रातून निघायचा आणि माणसाच्या चालीने फुटपाथवरून दारापर्यंत यायचा. झाकणाचे कुलूप ग्राहकाच्या मोबाइलवरूनच उघडायचे. को-ऑप या सहकारी दुकानांच्या साखळीचा किराणा तर त्याच वर्षीच्या एप्रिलपासून या शहरात असा घरपोच जाऊ लागला होता.

कंपनीने २०१६ मध्ये लंडनच्या ग्रिनिच भागात रोबो चालवून पाहिले होते. तरीही रोजच्या व्यवहारातली सेवा रुजली ती लंडनच्या वायव्येला ऐंशी किलोमीटरवर असलेल्या या नव्या शहरात. रोबोमधले कॅमेरे, रडार आणि संगणक दोन्हीकडे सारखेच होते. फरक होता पायाखालच्या वाटेत, आणि त्या वाटेचा इतिहास रोबोपेक्षा पन्नास वर्षांनी जुना आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने लंडनची गर्दी बाहेर नेण्यासाठी नवी शहरे वसवायला घेतली. २३ जानेवारी १९६७ रोजी बकिंगहॅमशायरमधली जवळपास ८,९०० हेक्टर जमीन अशा एका शहरासाठी मुक्रर झाली. ब्लेचली, वुल्व्हर्टन, स्टोनी स्ट्रॅटफर्ड ही जुनी गावे आणि मधली शेतजमीन एकत्र करून अडीच लाख लोकांची सोय करायची होती. विकास मंडळाचे अध्यक्ष होते लॉर्ड कॅम्बेल, तर पुढे मुख्य वास्तुरचनाकार म्हणून काम पाहिले डेरेक वॉकर यांनी. १९७० मध्ये जाहीर झालेल्या आराखड्यात रस्त्यांची जाळी आखली गेली. एकेका किलोमीटरवर एक मोठा रस्ता, दोन रस्ते मिळतील तिथे सिग्नलऐवजी गोल चौक आणि जाळीच्या प्रत्येक चौकोनात एक वस्ती.

या मोठ्या रस्त्यांवरून मोटारी ताशी ६० ते ७० मैलांनी धावणार होत्या. त्यांच्याशेजारून मुलांनी शाळेत कसे जायचे, हा प्रश्न होताच. उत्तर म्हणून पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी वेगळ्या वाटा बांधल्या गेल्या. तांबड्या डांबरामुळे त्यांना ‘रेडवे’ हे नाव पडले. सत्तरच्या दशकात सुरू झालेले हे जाळे आज दोनशे किलोमीटरहून लांब आहे. वाटा रुंद आहेत, चढउतार सौम्य आहेत, आणि मोठा रस्ता आडवा आला की वाट त्याच्या खालून बोगद्याने किंवा वरून पुलाने जाते. वस्तीतली दुकाने, शाळा, दवाखाना घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर असावीत, हेही आराखड्यातच होते.

पण मोटार इतकी सोयीची ठेवली, की बहुतेक लोक मोटारच वापरू लागले. रेडवे वळणावळणाने जातात, नवख्या माणसाला दिशा समजत नाही, आणि संध्याकाळनंतर झाडीतल्या बोगद्यांतून एकट्याने जायला अनेकांना भीती वाटते. आखणाऱ्यांना अपेक्षित होती तेवढी वर्दळ या वाटांवर कधीच झाली नाही. म्हणूनच २०१८ मध्ये रोबो आला तेव्हा त्याला मोटारींपासून वेगळी, सपाट, रुंद आणि बरीचशी मोकळी वाट आयती मिळाली. अशी वाट बांधायची तर कोणत्याही कंपनीला परवडली नसती. इथे ती सार्वजनिक पैशातून, चालणाऱ्यांच्या नावाने बांधून तयार होती.

मुळात माणसांसाठी वेगळी, उंच वाट हवी हे शहरांना सहज सुचलेले नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडनमध्ये प्रत्येक घरमालकाने आपल्या दारासमोरची फरसबंदी सांभाळायची, असा शिरस्ता होता. परिणामी एका दारासमोर चांगला दगड, तर पुढच्या दारासमोर खड्डा. १७६२ च्या वेस्टमिन्स्टर पेव्हिंग कायद्याने हे काम घरमालकांकडून काढून आयुक्तांकडे सोपवले. रस्त्याच्या दोन्ही कडांना दगडी पट्टा बसवून चालणाऱ्यांची जागा उंच करण्याची पद्धत यानंतर पसरली. घोडागाडीचे चाक चढू नये, हा त्या उंच दगडाचा उद्देश होता.

दगडाला कायद्याची जोड मिळाली ती १८३५ मध्ये. त्या वर्षीच्या हायवेज ॲक्टच्या कलम ७२ ने रस्त्याकडेच्या पायवाटेवरून घोडा, गाढव किंवा कोणतीही गाडी नेणे हा गुन्हा ठरवला. इंग्लंडमध्ये हे कलम अजून लागू आहे. फुटपाथवरून ई-स्कूटर चालवणाऱ्याला आजही पोलीस याच कलमाखाली अडवू शकतात. या कायद्याला एक महत्त्वाचा अपवाद १९७० मध्ये मिळाला. खासदार आल्फ मॉरिस यांच्या पुढाकाराने संमत झालेल्या आजारी आणि अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याने चाकांच्या खुर्चीला फुटपाथवर जाण्याची मुभा दिली. यंत्रावर चालणाऱ्या खुर्चीसाठी फुटपाथवरची वेगमर्यादा आहे ताशी चार मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर. स्टारशिपचा रोबोही साधारण त्याच वेगाने चालतो.

हा रोबो घडला एस्टोनियात. आहती हाइनला हे तिथले प्रोग्रॅमर, यानुस फ्रीस हे डेन्मार्कचे उद्योजक, आणि दोघेही स्काइपच्या संस्थापक मंडळींपैकी. स्काइपनंतर हाइनला यांचे मन यंत्रांकडे वळले. परग्रहावरून दगडमातीचे नमुने गोळा करून आणणारा रोबो बनवण्याची स्पर्धा ‘नासा’ने ठेवली होती. तिच्यात हाइनला यांचा एस्टोनियन संघ ‘कूकुलगुर’ या नावाने उतरला. बक्षीस मिळाले नाही. पण खडबडीत जमिनीवर स्वतःची वाट स्वतः शोधणारे स्वस्त यंत्र बनवता येते, हा विश्वास मिळाला, आणि २०१४ मध्ये टालिनमध्ये स्टारशिपची स्थापना झाली. पुढच्या वर्षाच्या अखेरीस रोबो जगाला दाखवण्यात आला.

त्यामागचे गणित घरपोच माल पोहोचवणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे होते. बंदरापासून गोदामापर्यंत हजारो वस्तू एकत्र जातात, त्यामुळे एकेका वस्तूचा वाहतूक खर्च नगण्य असतो. गोदामापासून दारापर्यंत मात्र एका पार्सलसाठी एक माणूस, एक वाहन आणि एक फेरी लागते. ग्राहक घरी नसेल तर तीच फेरी पुन्हा. व्यवसायात याला ‘लास्ट माइल’ म्हणतात. मोटारींच्या रस्त्यावर स्वयंचलित वाहन उतरवायचे तर चूक जीवघेणी ठरते. फुटपाथवर चालणारे, विजेवरचे, हळू यंत्र शंका येताच जागच्या जागी थांबू शकते आणि दूर नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला विचारू शकते. स्टारशिपने हा सावध मार्ग निवडला. रोबोच्या चहूबाजूंना कॅमेरे आणि अंतर मोजणारी साधने, लोकांना दिसावा म्हणून काठीवर केशरी झेंडी, पोटात दहा किलोपर्यंत सामान. फुटपाथची कड चढता यावी म्हणून सहा चाकांची खास रचना केली होती. तरी यंत्राची सोयीची वाट म्हणजे चौकात कड उतरती करून बनवलेला रॅम्पच.

आणि तो रॅम्प कसा आला, हा या इतिहासातला सर्वांत कष्टाचा भाग आहे. कडेचा जो दगड घोडागाडी अडवण्यासाठी बसवला, त्याने चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही दोनशे वर्षे घरात अडवून ठेवले. दुसऱ्या महायुद्धातून जखमी होऊन परतलेल्या सैनिकांनी हे बोलून दाखवायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कॅलामझू गावात जॅक फिशर हे युद्धात अपंगत्व आलेले वकील होते. १९४५ मध्ये त्यांनी नगरपालिकेकडे बाजारपेठेतल्या चौकांमध्ये उतार करून देण्याची मागणी केली आणि प्रयोग म्हणून काही कोपऱ्यांवर ते बांधले गेले. कुबड्या वापरणारे, कृत्रिम पाय लावलेले आणि बाबागाडी ढकलणाऱ्या आया, सगळ्यांनाच त्यांचा उपयोग झाला.

एका गावाचे उदाहरण देशभर पोहोचायला मात्र पंचेचाळीस वर्षे लागली. १९६२ मध्ये एड रॉबर्ट्स हा पोलिओने मानेखाली पंगू झालेला तरुण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरात शिकायला आला. त्याच्यामागून असेच आणखी विद्यार्थी आले, त्यांनी ‘रोलिंग क्वाड्स’ नावाचा गट केला आणि शहराकडे रॅम्पचा आग्रह धरला. १९७१ मध्ये बर्कलीच्या नगरपरिषदेने व्यापारी भागात उतार बांधण्याचे ठरवले. पुढच्या वर्षी तिथेच अपंगांनी स्वतः चालवलेले ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभे राहिले. डेन्व्हरमध्ये कार्यकर्त्यांनी घणांनी फुटपाथच्या कडा फोडल्या. तिथल्या काँक्रीटचा एक तुकडा आज स्मिथसोनियन संग्रहालयात जपलेला आहे. अखेर २६ जुलै १९९० रोजी अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा झाला आणि फुटपाथचे उतार हा उपकार न राहता शहरांचे कर्तव्य ठरले.

रोबो अमेरिकेत आला तो या उतारांवरून. २०१७ च्या फेब्रुवारीत व्हर्जिनिया राज्याने फुटपाथवरच्या रोबोला परवानगी देणारा कायदा केला. राज्यांमध्ये तो पहिला होता. मसुद्याच्या कामात स्टारशिपची माणसे सहभागी होती. ताशी १० मैल वेग आणि रिकाम्या यंत्राचे वजन ५० पौंड, म्हणजे सुमारे २३ किलो, ही त्यातली मर्यादा कंपनीच्या त्या वेळच्या छोट्या रोबोला सोयीची होती. आजचा रोबो सुमारे ३५ किलोंचा आहे. मागोमाग आयडाहोने कायदा केला, आणि जूनमध्ये एस्टोनियाच्या संसदेनेही आपल्या रहदारीच्या कायद्यात या यंत्रासाठी जागा केली.

सॅन फ्रान्सिस्कोने उलट दिशा धरली. तिथल्या गर्दीच्या मिशन भागात मार्बल नावाच्या कंपनीचे रोबो जेवण पोहोचवू लागताच नगरसभेचे सदस्य नॉर्मन यी यांनी पूर्ण बंदीचा प्रस्ताव आणला. म्हातारी माणसे, मुले आणि अपंग यांच्यासाठी राखलेल्या जागेवर धंद्याची यंत्रे नकोत, अशी त्यांची भूमिका होती. चर्चेअंती डिसेंबर २०१७ मध्ये बंदीऐवजी कडक नियम संमत झाले. एका कंपनीला तीन आणि साऱ्या शहरात मिळून नऊ रोबो, वेग ताशी तीन मैल, तेही कमी वर्दळीच्या औद्योगिक भागातल्या रुंद फुटपाथवर आणि सोबत माणूस ठेवून. मूठभर रहिवाशांच्या तक्रारीवर एका प्रगत शहराने तंत्रज्ञान अडवले, अशी टीका तेव्हा झाली. ती अन्यायाची होती. अरुंद फुटपाथ ही कमी पडणारी वस्तू आहे, हे सॅन फ्रान्सिस्कोला इतरांआधी कळले होते.

ज्या ठिकाणी वाटा रुंद होत्या आणि मालक एकच होता, तिथे यंत्राला मोकळीक मिळाली. जानेवारी २०१९ मध्ये व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात पंचवीसहून अधिक रोबो विद्यार्थ्यांना कॉफी आणि जेवण पोहोचवू लागले. विद्यापीठाचा परिसर आणि मिल्टन कीन्स यांच्यात साम्य बरेच. मोटारी कडेला, आतल्या वाटा पायी चालणाऱ्यांच्या, अंतरे लहान. ऑगस्ट २०१९ पर्यंत स्टारशिपच्या एक लाख फेऱ्या पूर्ण झाल्या.

दोन महिन्यांनी पिट्सबर्गमध्ये हिशेबाची दुसरी बाजू समोर आली. पिट्सबर्ग विद्यापीठात चाकाच्या खुर्चीवरून फिरणारी एक संशोधक विद्यार्थिनी रहदारीचा रस्ता ओलांडत होती. समोरच्या फुटपाथवर चढण्यासाठी असलेल्या उतारावरच रोबो थांबून राहिला होता. सिग्नल बदलत होता आणि तिला रस्त्यातून बाहेर पडायला वाट नव्हती. शेवटी कडेवरून कशीबशी खुर्ची चढवून ती वर आली. तिने हा प्रसंग जाहीरपणे मांडला आणि विद्यापीठाने चाचणी थांबवली. कंपनीने त्या चौकातल्या नकाशात बदल केल्यावर सेवा पुन्हा सुरू झाली.

रोबो तिथे का थांबला, हे समजण्यासारखे आहे. रस्ता ओलांडण्यापूर्वी थांबून अंदाज घेण्याची त्याची ती ठरलेली जागा होती. पायी चालणारा माणूस थांबलेल्या रोबोला वळसा घालून कुठूनही वर चढतो, म्हणून यंत्र बनवणाऱ्यांना त्या जागेत गैर दिसले नाही. खुर्चीवरच्या माणसाला मात्र दुसरी जागाच नसते. १९४५ पासून पिढ्यांनी भांडून मिळवलेला चार-पाच फुटांचा उतार यंत्राच्या नकाशात केवळ एक थांबा होता.

२०२० मध्ये कोविडची साथ आली आणि माणसाच्या स्पर्शाशिवाय येणाऱ्या पिशवीचे मोल वाढले. मिल्टन कीन्समध्ये मागणी एकदम वाढली. सरकारी आरोग्यसेवेतल्या कर्मचाऱ्यांना कंपनीने तिथे मोफत फेऱ्या दिल्या. घराबाहेर पडता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोबोचा खरा आधार झाला, आणि यंत्राविषयी शंका घेणाऱ्यांनीही ही गोष्ट मान्य करायला हवी. जानेवारी २०२१ मध्ये स्टारशिपने दहा लाख फेऱ्यांचा टप्पा गाठला.

याच काळात कायद्यांची मोजमापे सुटत चालली. पेनसिल्व्हेनियाने २०२० च्या अखेरीस केलेल्या कायद्यात फुटपाथवरच्या यंत्राला रिकाम्या स्थितीत ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलो वजनाची आणि ताशी १२ मैल वेगाची मुभा दिली. व्हर्जिनियाच्या २०१७ च्या मर्यादेच्या अकरा पट वजन आणि धावणाऱ्या माणसाचा वेग. पिट्सबर्ग याच राज्यात आहे. उलट कॅनडातल्या टोरोंटोच्या नगरपरिषदेने डिसेंबर २०२१ मध्ये असे रोबो फुटपाथवरून आणि सायकलमार्गांवरूनही बंद केले. तिथे पाठपुरावा करणाऱ्यांत अपंगांच्या प्रश्नांवर काम करणारी मंडळी पुढे होती.

मोठ्या कंपन्यांची गणितेही जुळली नाहीत. ॲमेझॉनने ‘स्काउट’ नावाचा रोबो जानेवारी २०१९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्नोहोमिश काउंटीत उतरवला होता. फेडेक्सने पुढच्याच महिन्यात ‘रॉक्सो’ जाहीर केला. रॉक्सो बनवला होता डीन केमन यांच्या डेका कंपनीने, आणि त्याचा पाया होता केमन यांच्याच आयबॉट या पायऱ्या चढणाऱ्या चाकाच्या खुर्चीचा. अपंगांसाठी शोधलेले तंत्र पार्सलाच्या कामी आले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपापले प्रयोग आवरते घेतले. अमेरिकी उपनगरांत घरे लांब लांब आहेत, फुटपाथ मध्येच संपतात आणि पार्सलांनी भरलेली एक व्हॅन दिवसभरात जे काम उरकते, ते एकेक पार्सल नेणाऱ्या यंत्रांना जड जाते. टिकले ते किराणा आणि जेवण नेणारे रोबो, कारण तिथे अंतर लहान आणि ग्राहक घाईत असतो. पार्सलाचा शेवटचा मैल बहुतांशी माणसाकडेच राहिला.

आतापर्यंतचा सर्वांत विचारपूर्वक नियम जपानने केला आहे. अंधांसाठी फुटपाथवर बसवलेल्या उठावदार फरशा हा तिथल्याच सेइइची मियाके यांचा शोध. अशा फरशा पहिल्यांदा बसल्या १९६७ मध्ये, ओकायामा शहरात, अंधशाळेजवळच्या रस्त्यावर. फुटपाथ कोणासाठी, याचा असा जुना विचार असलेल्या या देशात १ एप्रिल २०२३ पासून सुधारित रहदारी कायदा लागू झाला. त्यात रोबोची लांबी जास्तीत जास्त १२० सेंटिमीटर, रुंदी ७० सेंटिमीटर आणि वेग ताशी सहा किलोमीटर ठरवला आहे. या मर्यादा विजेवरच्या चाकाच्या खुर्चीच्या मर्यादांशी जुळत्या ठेवल्या आहेत. म्हणजे जी वाट खुर्चीला पुरेल तीच यंत्राला पुरली पाहिजे. रोबोने चालणाऱ्यांना वाट द्यायची, आणि चालवणाऱ्याने त्या प्रांताच्या सार्वजनिक सुरक्षा आयोगाला आधी कळवायचे, अशी सक्ती आहे.

मिल्टन कीन्समधून रोबो पुढे नॉर्थॅम्प्टन, केंब्रिजशायर आणि लीड्सपर्यंत गेले. तिथे ते स्थानिक परिषदांच्या संमतीने चालतात आणि देशाच्या कायद्यात १८३५ चे कलम तसेच उभे आहे. ब्रिटनलाही आज ना उद्या या यंत्रांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागेल. व्हर्जिनियात मसुद्याच्या वेळी कंपनीची माणसे हजर होती. ब्रिटनमध्ये त्या वेळी चाकाची खुर्ची वापरणारे, पांढरी काठी घेऊन चालणारे आणि बाबागाडी ढकलणारे यांना आधी बोलवायला हवे. रॅम्प किती रुंद लागतो, खुर्ची वळवायला किती जागा हवी आणि सिग्नल बदलण्याआधी रस्ता ओलांडायला नेमके किती सेकंद मिळतात, हे त्यांना कोणत्याही नकाशापेक्षा अचूक ठाऊक आहे.